मोटर मला फोन करायची

मी डूख धरणारी मुलगी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा कुणी ठेवणार नाही. मैत्रिणी म्हणतात, झालं ते झालं, सोड ना आता. मी सोडत नाही. माझी झोप ज्यांच्या सोयीसाठी गेली, त्यांनीच भर माईकवर मला झोपेवरून बोल लावला. असल्या गोष्टी सोडून द्यायच्या, तर मग धरून ठेवायचं तरी काय?

आमचं घर पिंपळगाव बसवंतहून निफाडकडे जाताना, द्राक्षाच्या बागेतच. वडील आणि त्यांचे थोरले भाऊ एकत्र राहतात. या थोरल्या भावांना मी मोठे काका म्हणते. त्यांची मुलं नोकरीला पुण्याकडे गेलेली, त्यामुळे घरात कॉलेजला जाणारी मी एकटीच. कुठला बाग आधी छाटायचा, माल कुणाला द्यायचा, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, हे सगळं मोठे काका ठरवतात आणि वडील मान हलवतात. मला बारावीनंतर नाशिकला फार्मसीला जायचं होतं. तेही मोठ्या काकांच्याच हातात होतं. आमच्या भावकीत मुलीला शिकायला नाशिकला ठेवलेलं तोवर कुणी नव्हतं. मुली पिंपळगावातच बी.ए.ला जायच्या आणि बी.ए. पुरं व्हायच्या आत त्यांचं लग्न ठरायचं. मला ते नको होतं. मला पांढरा कोट हवा होता, प्रयोगशाळा हवी होती, आणि खरं सांगायचं तर त्या घरापासून लांब एक पलंग हवा होता.

शेतीची लाईट आमच्याकडे एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. पावसाळा सरला की विहिरीला पाणी आहे तोवर ते उपसून शेततळं भरून घ्यावं लागतं, कारण उन्हाळ्यात बाग त्याच पाण्यावर जगतो. पूर्वी रात्रीची लाईट आली की वडील बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे आणि मोटर चालू करायचे. मग मोबाईल स्टार्टर निघाले. विहिरीवरच्या पेटीत एक सिमकार्ड असतं. लाईट आली की ती पेटी आपल्याला फोन करते, आणि आपण घरात पडल्या पडल्या बटण दाबून मोटर चालू करायची. ती आपोआपही चालू होते, पण एकदा तसं ठेवलं आणि कमी दाबाच्या लाईटवर मोटर जळाली. तेव्हापासून मोठ्या काकांचा हुकूम होता की कुणीतरी फोन ऐकूनच मोटर टाकायची, आणि ते कुणीतरी म्हणजे वडीलच, असं ते धरून चालले होते.

पेटी बसवायला आलेल्या फिटरने विचारलं, "नंबर कुणाचा टाकू?" वडिलांनी माझा सांगितला. का, तर घरात फोनमधलं सगळं हिलाच कळतं. मी तेव्हा दहावीत होते आणि मला तो मान वाटला. आमच्या विहिरीची मोटर माझ्या फोनवर चालते, असं मी वर्गभर सांगत सुटले होते.

मग पेटी फोन करू लागली. लाईट आली की फोन. फेज गेला आणि मोटर बंद पडली की फोन. फेज परत आला की परत फोन. एक बाई ठसक्यात सांगायची, "लाईट आली आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा." मी एक दाबायची. घरात दुसऱ्या कुणाला उठावं लागत नसे, दार वाजत नसे, कुत्रं भुंकत नसे, आणि सकाळी शेततळ्याचं पाणी वर चढलेलं असायचं. वडील चहा पिताना समाधानाने म्हणायचे, "या स्टार्टरनं लय आराम केला बघ."

मी रील बघत नव्हते असं नाही. बघायचे. एकदा झोपमोड झाली की पुन्हा डोळा लागत नाही, आणि मोटर परत बंद पडेल म्हणून कान उघडाच राहतो. मग मी मेंदीचे, केकचे, कुठल्या कुठल्या देशातल्या पोरींच्या टापटीप खोल्यांचे व्हिडिओ बघत पडायची. पुढे पुढे तर दिवसाच्या लाईटच्या आठवड्यातही मला रात्री जाग यायला लागली. मोटर गप्प आणि मी तिच्या फोनची वाट बघत जागी. मग हातात पुन्हा तो मोबाईल. सकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, आणि फिजिक्सच्या तासाला डोकं आपोआप बाकावर टेकायचं. सरांनी घरी निरोप पाठवला. निरोप मोठ्या काकांकडे गेला, कारण आमच्याकडे सगळे निरोप त्यांच्याकडेच जातात.

मोठ्या काकांना माईक आवडतो. साखरपुडा असो, वास्तुशांत असो की दशक्रिया असो, ते उभे राहतात आणि चार शब्द बोलतो म्हणून चाळीस मिनिटं बोलतात. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आपल्याला चार तास झोप पुरते. जास्त झोपतो तो आळशी." हे ते पाहुण्यांना सांगायचे, व्यापाऱ्यांना सांगायचे, दाढी करताना आरशालाही सांगत असतील. प्रत्यक्षात रात्रीच्या बातम्या संपायच्या आत त्यांचं घोरणं सुरू व्हायचं, हे भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

दिवाळीनंतर आमच्या कॉलेजात पालक मेळावा झाला. विषय होता मोबाईल आणि मुलांची झोप. आधी एक डॉक्टर बाई बोलल्या, चांगलं बोलल्या. मुलांना रागावू नका, ती का जागी असतात ते आधी विचारा, असं म्हणाल्या. ते कुणी ऐकलं नाही. मग प्रमुख पाहुणे म्हणून मोठे काका उठले. वर्गातले पंखे त्यांनी दिले होते, त्यामुळे प्रमुख पाहुणे तेच.

"दुसऱ्याचं कशाला सांगू?" त्यांनी माईक जवळ ओढला. "आमच्या घरातच उदाहरण हाय. रात्री मी उठलो की हिच्या दाराखालून उजेड दिसतो. पोरगी मोबाईल घेऊन जागी! आणि हितं वर्गात येऊन झोपती. उभी राहा गं पोरी, लाजू नको."

मी उभी राहिले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या मागच्या बाकावरची मुलगी फिसकन हसली.

"आपण बागाईतदार माणसं," मोठे काका म्हणाले. "डाउनी एका पानावर दिसली तर आपण काय करतो? पान तोडून टाकतो, नायतर सगळा बाग जातो. आजपासून हिचा मोबाईल माझ्याकडं. आणि सुधारली नाय, तर बारावीनंतर नाशिक-बिशिक काय नाय. घरी बसायचं."

टाळ्या पडल्या. द्राक्षवाल्यांच्या गावात डाउनी रोगाचं उदाहरण दिलं की टाळ्या पडतातच. मी वडिलांकडे बघितलं. ते पालकांमध्ये पुढेच बसले होते. दाराखालच्या त्या उजेडाचं कारण त्या हॉलमध्ये मला सोडून फक्त त्यांना माहीत होतं. एवढंच म्हणायचं होतं की भाऊ, ती मोटरसाठी जागी असते. वडील खाली वाकले आणि चपलेचा अंगठा नीट करत राहिले, मी खाली बसेपर्यंत.

संध्याकाळी मोठ्या काकांनी ओसरीवर हात पुढे केला. "दे. रात्री माझ्या उशाशी राहील. दिवसा अभ्यासापुरता मागून घ्यायचा."

मी तोंड उघडलं. सांगणारच होते. तेवढ्यात वडील म्हणाले, "दे ना. मोठे काका सांगतात तर दे. उगीच वाद नको." त्यांचा आवाज घाईचा होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझं उघडलेलं तोंड मिटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण चेहरा मी इतका गरीब केला की काकूंना वाईट वाटलं. "चार्जर आणते," म्हणाले आणि आत गेले. आत जाऊन दोनच कामं केली. फोनचा आवाज पूर्ण वाढवला, आणि स्टार्टरच्या नंबरला लग्नातल्या बेंजोची रिंगटोन लावली. मग दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा, फोन मोठ्या काकांच्या हातात ठेवला.

तो आठवडा रात्रीच्या लाईटचा होता.

पहिल्या रात्री सवयीने मीही जागीच होते. भिंतीपलीकडे बेंजो वाजला. काहीतरी खाली पडलं, बहुतेक तांब्या. मग मोठे काका ओरडले, "कोण बोलतंय? कोण पाहिजे?" बाईने शांतपणे पुन्हा सांगितलं की मोटर चालू करण्यासाठी एक दाबा. मी उशीत तोंड खुपसून हसले. इतकी हसले की पोट दुखलं, आणि हसता हसता झोप लागली.

सकाळी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "या फोनवर मोटर वाजती का गं रात्रीची?"

"वाजते कधी कधी," मी म्हणाले.

"त्यात काय एवढं," ते म्हणाले. "आपल्याला चार तास झोप पुरते."

इथे ते अडकले. माझं डोकं काही फार चाललं नव्हतं, त्यांची जीभच माझ्या मदतीला धावली. फोन परत द्यावा, तर मेळाव्यात बोललेलं गिळावं लागणार. झोप होत नाही म्हणावं, तर आयुष्यभराची बढाई खोटी ठरणार. मोटर आपोआपवर टाकावी, तर हुकूम त्यांचाच. ते मिशीवर हात फिरवून गेले, आणि मी नाश्त्याला दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुढचे दिवस फार गोड गेले. हळूहळू माझी झोप परत येत होती, आणि त्यांची जात होती. ते बागेत उभ्या उभ्या जांभया देऊ लागले. मजुरांवर खेकसू लागले. औषधाची टाकी भरायला लावली आणि कशासाठी ते विसरले. काकू अंथरूण उचलून हॉलमध्ये झोपायला गेल्या. "रातभर उजेड करत्यात डोळ्यांवर," त्या माझ्या आईला सांगत होत्या. मला वाटलं मोटरच्या फोनचा उजेड असेल. पण दिवसा अभ्यासाला फोन हातात आला तेव्हा बघते तर मेंदी आणि केक गायब. बैलगाडा शर्यती, कुस्त्या, गुडघेदुखीवर घरगुती उपाय, आणि आपली रास काय सांगते. मोठे काका रात्री रील बघत होते. झोपमोड झाली की त्यांनाही पुन्हा झोप लागत नव्हती, आणि त्यांच्याही हातात तोच मोबाईल होता.

मला त्यांची कणव यायला हवी होती का? कदाचित. पण मेळाव्यातल्या त्या सगळ्या माना आठवल्या आणि मी बैलगाड्यांच्या आणखी काही व्हिडिओंना लाईक करून ठेवलं, म्हणजे त्यांना कमी पडायला नको.

तुळशीचं लग्न झालं आणि साखरपुडे सुरू झाले. काकूंच्या भाचीचा साखरपुडा चांदवडला होता, हायवेच्या कडेच्या लॉन्सवर. एव्हाना लाईट दिवसाची झाली होती, आणि फोन मोठ्या काकांच्या शर्टाच्या खिशात मुक्कामाला आला होता. ते स्टेजवर पहिल्या रांगेत बसले, डोक्याला फेटा. समोर सगळी भावकी, दोन्हीकडचे पाहुणे. एकेक जण उठून आशीर्वादाचं बोलत होता. मोठ्या काकांची मान आधी पुढे झुकली, मग बाजूला गेली, आणि शेवटी शेजारी बसलेल्या मुलाकडच्या आजोबांच्या खांद्यावर स्थिरावली. तोंड उघडं. आजोबा बिचारे हलले नाहीत.

निवेदकाने त्यांचं नाव पुकारलं. परत पुकारलं. तेवढ्यात खिशात बेंजो वाजला. मोठे काका ताडकन उठले, डोळे अर्धे मिटलेले, सरळ माईकपाशी गेले आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाले, "लाईट आली! एक दाबा!"

मंडप हसला. असा हसला की वाढपी स्वयंपाकाच्या तंबूतून बाहेर येऊन बघू लागले. नवरी हसली, नवरा हसला. मी तर हसून हसून रडले. माझा हिशेब तिथे चुकता झाला असता. एवढं मला पुरलं असतं, खरंच पुरलं असतं, जर हसता हसता माझं लक्ष वडिलांकडे गेलं नसतं.

वडीलही हसत होते. मांडीवर थाप मारून, डोळे पुसत हसत होते. मेळाव्यात चपलेकडे बघणारा माणूस आता आपल्या थोरल्या भावाची फजिती मान वर करून बघत होता. दोन्ही वेळा कारण एकच होतं, मोटरचा फोन, आणि ते त्यांना ठाऊक होतं. माझं हसू तिथेच विझलं. इतके दिवस मी सूड चुकीच्या माणसावर घेत होते असं नाही, मोठे काका त्याच लायकीचे होते. पण ते अर्धेच काम होतं.

घरी आल्यावर मोठ्या काकांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. फेटा अजून काढला नव्हता. त्यांनी फोन टीपॉयवर ठेवला आणि मला विचारलं, "हे रोज असंच वाजायचं का? तू असताना?"

"रात्रीच्या लाईटला रोज," मी म्हणाले. "दहावीपासून."

"मग मेळाव्यात सांगितलं का नाय?"

"तुम्ही उभं राहायला सांगितलं होतं. बोलायला नाही."

मला वाटलं आता भडकतील आणि नाशिक संपलं. पण ते वडिलांकडे वळले. "तुला माहीत होतं?"

वडील चपलेकडे बघू शकले नाहीत, कारण चपला बाहेर काढल्या होत्या. ते पंख्याकडे बघत राहिले.

"तू समोर बसला होता," मोठे काका म्हणाले. "मी तुझ्या पोरीला भर सभेत उभं केलं. तू समोर बसला होता ना?"

वडिलांनी पंख्यावरून नजर खाली आणली. मग म्हणाले, "भाऊ, बोललो असतो तर तो फोन माझ्याकडं आला असता." आणि अगदी हळू आवाजात, लाजल्यासारखे, "इतकी वर्षं रात्री विहिरीवर गेलो. आता कुठं मला झोप लागती."

आईने तोंडावर पदर धरला. तिला वाटायचं मी रात्रभर अभ्यास करते. मैत्रिणींना ती तसंच सांगायची, अभिमानाने.

मोठ्या काकांनी फेटा काढून टीपॉयवर ठेवला. माफी काही मागितली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बारावी झाली की ही नाशिकला जाईल. माझा शब्द हाय." त्यांनी तो पाळला, आणि तोवर रात्रीचा फोनही स्वतःच्याच उशाशी ठेवला. प्रवेशाच्या वेळी स्वतः आले, हॉस्टेलची खोली बघितली, गादी दाबून बघितली. तरीही मी त्यांना पूर्ण माफ केलेलं नाही. माईकवर बोललेलं माईकवरच परत घ्यावं लागतं, आणि त्यानंतर कितीतरी वेळा त्यांच्या हातात माईक आला होता.

नाशिकला निघायच्या आदल्या दिवशी मी विहिरीवर गेले आणि स्टार्टरमधला माझा नंबर काढून वडिलांचा टाकला. त्या पेटीत एक सोय असते. फोन फक्त लाईट आल्यावर हवा, की दाब कमीजास्त झाला तरी प्रत्येक वेळी हवा, हे आपल्याला ठरवता येतं. मी प्रत्येक वेळी हवा असं ठेवलं. आई बांधावर उभी राहून बघत होती. "अगं, त्यांची झोप मोडेल," ती म्हणाली. "माझी मोडत होती तेव्हा?" मी विचारलं. तिने मला थांबवलं नाही.

मी नाशिकला आले. सुरुवातीला रात्री जाग यायची, मग यायची बंद झाली. खोलीतल्या मुली मध्यरात्रीपर्यंत मोबाईल बघतात आणि सकाळी लेक्चरला पेंगतात. मला त्यांचा राग येत नाही, फक्त मी त्यांना कधी विचारते की तुला कुणी उठवतं का. त्या हसतात. त्यांना कुणी उठवत नाही.

एका रविवारी सकाळी वडिलांचा फोन आला. आवाज बसलेला. इकडचं तिकडचं बोलले, छाटणी झाली म्हणाले, मग विचारलं, "ते सारखं सारखं वाजतं, ते कमी कसं करायचं गं? फिटर उचलत नाय."

एक मेसेज पाठवला की कमी होतं. तो मेसेज मला पाठ आहे. मी म्हणाले, "नाही होत पप्पा. ते मशीनच तसं आहे."

"बरं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तू कशी काय उठायची गं? एवढीशी होती तू."

हा प्रश्न मी किती रात्री ऐकायला तयार होऊन बसले होते, हे त्यांना कळलं असतं तर बरं झालं असतं. आता तो आला होता, पण त्यांची स्वतःची झोप उडाल्यावर आला होता.

"लेक्चर आहे पप्पा, ठेवते," मी म्हणाले. रविवार होता, लेक्चर कुठलं असणार? त्यांनाही ते कळलं असेल. मी फोन बंद केला, पांघरूण डोक्यावर घेतलं आणि परत झोपले.